गावठी अंडी की सुपरमार्केटची? गोव्यातल्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंड्यांविषयीचे प्रश्न वर्षभर येतात, पण श्रावण-चवथ उरकली की आणि नाताळचे केक सुरू झाले की जरा जास्तच. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, म्हापसा अशा सगळीकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, तेच इथे घेतले आहेत. साधे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गावठी अंडं आणि सुपरमार्केटमधलं अंडं, यांत खरा फरक कशाचा?

कोंबडीच्या जातीचा, तिच्या खाण्याचा आणि अंडं घातल्यापासून ते तुमच्या तव्यावर येईपर्यंत गेलेल्या दिवसांचा.

सुपरमार्केटमधलं पांढरं अंडं बहुधा व्हाइट लेगहॉर्न वंशाच्या संकरित कोंबडीचं असतं. ती पिंजऱ्यात राहते आणि मका, सोयाबीन पेंड, कॅल्शियम, जीवनसत्त्वं असं मोजून-मापून दिलेलं खाद्य खाते. वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. आपली गावठी कोंबडी माडाखाली उकरते, वाळवी आणि किडे टिपते, गवताचे कोंब खाते, दुपारी भाताची शितं मिळाली तर तीही. ती वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते आणि मध्येच खुडूक बसून महिना-दीड महिना सुट्टी घेते. तिचं अंडंही लहान, ३५ ते ४५ ग्रॅमचं. फार्मचं अंडं साधारण ५० ते ६० ग्रॅम भरतं.

यातली दिवसांची बाब लोक सर्वांत कमी विचारतात आणि चवीत तीच सर्वांत जास्त जाणवते. काल घातलेलं फार्मचं अंडं आणि तीन आठवडे टोपलीत पडलेलं गावठी अंडं यांतून एक निवडायचं झालं, तर मी डोळे मिटून फार्मचं घेईन.

२. गोव्यात दुकानात मिळणारी अंडी येतात कुठून?

बहुतेक घाटापलीकडून, मुख्यतः बेळगाव बाजूने. गोव्यात अंड्यांची मागणी मोठी. घरची खपत आहेच, त्यात हॉटेलं, शॅक, बेकऱ्या आणि संध्याकाळचे ऑम्लेट-पावचे गाडे. तेवढं उत्पादन इथे होत नाही. भावही बाहेरच ठरतो. १९८२ साली सुरू झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती शंभर अंड्यांमागे रोजचा दर सुचवते, तो पाहून घाऊक व्यापारी भाव लावतात.

फार्म ते व्यापारी, व्यापारी ते दुकान आणि मग तुमचं घर, अशा प्रवासात काही दिवस जातात. पॅकबंद बॉक्सवर पॅकिंगची तारीख असते, ती वाचा. पण ती अंडं घातल्याची तारीख नव्हे, बॉक्स भरल्याची आहे हे लक्षात ठेवा. ट्रेमधल्या सुट्या अंड्यांवर काहीच लिहिलेलं नसतं. तिथे दुकानदाराला ट्रे कधी आला ते विचारावं आणि ट्रे उन्हात ठेवला आहे की सावलीत तेही पाहावं.

३. तपकिरी कवच म्हणजे गावठी अंडं ना?

नाही. कवचाचा रंग जातीवर ठरतो, खाण्यावर किंवा मोकळं फिरण्यावर नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित जाती मोठ्या फार्मवर पिंजऱ्यातही असतात आणि त्यांची अंडी एकसारखी, चकचकीत बॉक्समध्ये ‘ब्राऊन’ म्हणून थोड्या चढ्या भावाने विकली जातात. गावठी कोंबड्यांची अंडी मात्र एका रंगाची कधीच नसतात. एकाच घरातून आलेल्या डझनात कुणाचं मळकट पांढरं, कुणाचं फिकट बदामी, कुणाचं जरा गुलाबीसर असं मिश्रण निघतं.

४. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ‘गावठी’ म्हणून घेतलेली अंडी खरंच गावठी आहेत हे कसं ओळखू?

हा आमच्याकडे आलेला सर्वांत जास्त वेळचा प्रश्न. शंभर टक्के खात्रीची घरगुती परीक्षा नाही, पण अंदाज बांधता येतो.

पहिली खूण आकार. गावठी अंडी लहान आणि एकमेकांशी न जुळणारी असतात. डझनभर अंडी साच्यातून काढल्यासारखी दिसत असतील तर शंका घ्या. फोडल्यावर अंड्याच्या मानाने बलक मोठा दिसतो आणि पांढरा भाग कमी.

दुसरी खूण हिशेबाची, आणि ती मला जास्त पटते. एक गावठी कोंबडी वर्षाला सरासरी ७० अंडी देते असं धरा. रोज १०० गावठी अंडी वर्षभर विकायची तर पाचशेहून जास्त कोंबड्या हव्यात, तेही मुंगूस, कोल्हे, भटकी कुत्री आणि रोग यांतून वाचलेल्या. कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेला दहा-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्या बाईकडे आठवड्याला दोन-तीन डझन अंडी जमली तरी पुष्कळ. म्हणून टोपलीभर नाही, थोडीच आणणारी, ‘पुढच्या शुक्रवारी मिळतील की नाही सांगता येत नाही’ असं म्हणणारी विक्रेती जास्त भरवशाची. बारा महिने, हवी तितकी, एका मापाची गावठी अंडी देणारा दुकानदार बहुधा दुसरंच काही देत असतो.

मधला एक प्रकारही असतो. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा अशा परसातल्या सुधारित जाती. त्या गावठीपेक्षा जास्त अंडी देतात, वनराजा वर्षाला शंभर-सव्वाशे आणि ग्रामप्रिया त्याहून बरीच अधिक. अंडी तपकिरी छटेची आणि जरा मोठी असतात. परसात मोकळ्या फिरणाऱ्या वनराजाचं अंडं ‘गावठी’ म्हणून विकलं तर मला त्यात फसवणूक वाटत नाही. तिचं खाणं आणि फिरणं गावठीचंच असतं.

५. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावठी म्हणून विकतात म्हणे. लिंबू चोळून रंग उतरला तर ते बनावट समजायचं का?

ही परीक्षा सांगणारे व्हिडिओ खूप फिरतात, पण तिच्यावर विसंबू नका. तपकिरी कवचाचा नैसर्गिक रंग अंडं घालण्याच्या शेवटच्या टप्प्यात, कवचाच्या बाहेरच्या थरावर चढतो. लिंबू किंवा व्हिनेगरमधलं आम्ल कवचाचा चुनाच विरघळवतं, म्हणून अस्सल तपकिरी अंड्याचा रंगसुद्धा चोळल्यावर निघतो. कवच आतून पांढरं दिसणं हाही बनावटीचा पुरावा नाही. अस्सल तपकिरी अंडंही आतून फिकटच असतं.

साध्या ओल्या फडक्याने रंग बोटाला लागला, किंवा रंगाचे ओघळ आणि डाग दिसले, तर मात्र ते अंडं परत करा. बाकी ४थ्या प्रश्नातला हिशेब इथेही कामी येतो.

६. गावठी अंड्याचा बलक केशरी असतो, म्हणजे ते जास्त पौष्टिक, बरोबर?

अर्धंच बरोबर. बलकाला रंग देणारी द्रव्यं हिरवा पाला, पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या यांतून येतात. मोकळी फिरणारी कोंबडी पाला खाते, म्हणून पावसाळ्यात गवत माजलं की बलक जास्त गडद होतो आणि मे महिन्यात परस करपलं की फिकट. पण फार्मवरही खाद्यात झेंडूचा अर्क घालून बलक हवा तसा केशरी करता येतो. रंग हा कोंबडीने काय खाल्लं याचा पुरावा आहे. त्यावरून प्रथिनं मोजता येत नाहीत.

७. मग पौष्टिकतेत फरक आहे तरी किती?

प्रथिनांत जवळजवळ नाहीच. शंभर ग्रॅम अंड्यात, गावठी असो की फार्मचं, साडेबारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे ५५ ग्रॅमच्या फार्मच्या अंड्यातून सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात आणि ४० ग्रॅमच्या गावठी अंड्यातून साडेचार-पाच. मुलाला दिवसाला एक गावठी अंडं द्यायचं म्हणून फार्मचं बंद केलंत तर त्याच्या पोटात प्रथिनं कमी जातील, जास्त नाही. ही बाब आज्यांना पटत नाही, पण वजनकाट्यापुढे इलाज नाही.

फरक पडतो तो स्निग्ध पदार्थांच्या जातीत आणि काही जीवनसत्त्वांत. पाला-किडे खाणाऱ्या कोंबडीच्या बलकात ओमेगा-३ आणि ई जीवनसत्त्व जास्त असू शकतं, आणि उन्हात फिरणाऱ्या कोंबडीच्या बलकात ड जीवनसत्त्व. पण ‘असू शकतं’ यावर भर आहे. घराच्या मागच्या पत्र्याच्या खोपीत कोंडून, नुसत्या तांदळाच्या कणीवर पोसलेली गावठी कोंबडी यातलं फारसं काही देत नाही. फार्मच्या कोंबडीला निदान समतोल खाद्य तरी मिळतं.

८. गावठी अंड्यात कोलेस्टेरॉल नसतं असं ऐकलं. खरं?

खोटं. कोलेस्टेरॉल बलकात असतं आणि बलक दोन्हीत असतो. फार्मच्या मोठ्या अंड्यात सुमारे १८५ मिलिग्रॅम. गावठीत एकूण कमी भरतं, कारण अंडंच लहान. पण ग्रॅमला ग्रॅम लावलं तर, बलकाचा वाटा मोठा असल्यामुळे, ते किंचित जास्तही भरेल. डॉक्टरांनी मर्यादा घालून दिली असेल तर ती दोन्ही प्रकारांना लागू.

९. बॉयलर कोंबड्यांना इंजेक्शनं देऊन वाढवतात. त्यांचीच अंडी आपण खातो ना?

मांसासाठी वाढवलेली ब्रॉयलर कोंबडी दीड महिन्याच्या आसपास कापली जाते. त्या वयात ती अंडं घालतच नाही. दुकानातली अंडी लेयर जातीच्या कोंबड्यांची असतात आणि त्या साडेचार-पाच महिन्यांच्या झाल्यावर घालू लागतात. वाढीच्या हार्मोनचं म्हणाल, तर हजारो पक्ष्यांना एकेक धरून पुन्हा पुन्हा टोचत बसणं कुणालाच परवडणारं नाही. वेगाने वाढणं आणि जास्त अंडी देणं हे निवडक पैदाशीतून आलं आहे.

अँटिबायोटिकची शंका मात्र रास्त आहे. दाटीने ठेवलेल्या पक्ष्यांत रोग लवकर पसरतो, म्हणून औषधं वापरली जातात, आणि औषध दिल्यावर ठरावीक दिवस अंडी विकायची नाहीत हा नियम पाळला नाही तर अंश अंड्यात उतरतो. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध प्राण्यांना देण्यावर भारतात २०१९ मध्ये बंदी आली. गावठीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. परसातल्या कोंबड्यांना रोग आला की गावातसुद्धा औषधाच्या दुकानातून पूड आणून पाण्यात घातली जाते, आणि अंडी विकायची थांबत नाहीत. ओळखीच्या घरातून घेत असाल तर हे सरळ विचारा.

१०. अंडं ताजं आहे का, हे घरी कसं पाहू?

खोल भांड्यात पाणी घेऊन अंडं सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. तळाशीच पण उभं राहिलं तर आठवडा-दोन आठवड्यांचं, खायला ठीक. तरंगलं तर जुनं. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आतलं पाणी उडत जातं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते, म्हणून असं होतं.

तरंगणारं प्रत्येक अंडं नासलेलंच असतं असं नाही. ते वेगळ्या वाटीत फोडा. वास आला तर टाका, कारण नासलेल्या अंड्याचा वास लपत नाही. उलट बाजूही आहे. कवचाला तेल लावून ठेवलेलं अंडं पाणी गमावत नाही, त्यामुळे जुनं असूनही ते बुडतं. खात्रीची खूण फोडल्यावर कळते: ताज्या अंड्याचा बलक उंच राहतो आणि त्याभोवतीचा पांढरा भाग घट्ट असतो, जुन्याचा पांढरा भाग पाण्यासारखा बशीभर पसरतो.

११. गावठी अंड्यांना शेण-माती लागलेली असते. आणल्या आणल्या धुऊ का?

नको. अंडं घालताना कवचावर एक पातळ नैसर्गिक लेप चढतो आणि तो छिद्रं बुजवतो. धुतल्यावर लेप जातो. गार पाण्याने धुतलं तर आणखी वाईट, कारण आतला भाग आकसतो आणि घाणीसकट पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. सुकी घाण कोरड्या फडक्याने किंवा भांड्याच्या कोरड्या घासणीने हलकेच काढा. धुवायचंच असेल तर वापरण्याच्या आधी, कोमट पाण्याने, आणि लगेच पुसून. फारच माखलेलं अंडं असेल तर तेच आधी संपवा, आणि नीट शिजवून.

अमेरिकेत विकायची अंडी धुऊन थंड ठेवणं सक्तीचं आहे, युरोपात उत्तम प्रतीची अंडी न धुताच विकतात. दोन्हीकडे चालतं, कारण धुतलेलं अंडं तिकडे सतत थंडच राहतं. आपल्याकडे धुतलेलं अंडं ३२ अंशांच्या उकाड्यात ओट्यावर राहतं, अडचण तिथे आहे.

१२. अंडी फ्रिजमध्ये ठेवायची की बाहेर? आई तर तांदळाच्या डब्यात ठेवायची.

तांदळात ठेवलेली अंडी फुटत नाहीत आणि थोडी गार राहतात, पण कौलारू घराच्या काळोख्या खोलीतली ती सोय आजच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात नाही. गोव्याच्या हवेत बाहेर ठेवलेली अंडी आठवड्या-दहा दिवसांत संपवावीत, मे महिन्यात त्याहून लवकर. फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे सहज टिकतात. निमुळतं टोक खाली ठेवावं, म्हणजे हवेची पोकळी वर राहते आणि बलक मध्ये. दारातल्या खणापेक्षा आतला कप्पा बरा, कारण दार उघडलं की तिथे गरम हवा लागते.

एकदा फ्रिजमध्ये गेलेलं अंडं मग फ्रिजमध्येच राहू द्या. गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, गार अंडं बाहेर काढलं की दोन मिनिटांत त्याला घाम फुटतो आणि त्या ओलाव्यावर बुरशी आणि जंतूंचं फावतं. सुपरमार्केटच्या एसीतून काढलेला बॉक्स स्कूटरच्या डिकीत तापवत तासभर बाजार फिरू नका, हाही त्यातलाच भाग.

१३. गावठी अंडं फोडलं तर आत रक्ताची जाळी दिसली. पिल्लू धरलं होतं का?

दोन शक्यता. एखादा लाल ठिपका असेल तर तो अंडं तयार होताना फुटलेल्या बारीक रक्तवाहिनीचा. तो फार्मच्या, कोंबड्याचा संबंध न आलेल्या अंड्यातही सापडतो. चमच्याने काढून टाका, अंडं खाण्याजोगं आहे.

बलकावर लाल रेघांचं वर्तुळ किंवा जाळी दिसली तर मात्र वाढ सुरू झाली होती. परसात कोंबडा असतो, म्हणून गावठी अंडी बहुधा फलित असतात. तापमान साधारण २० ते २४ अंशांच्या खाली असेल तर आतला गर्भ निपचित राहतो. गोव्यात मे महिन्याच्या रात्रीसुद्धा पारा त्याच्यावर असतो, त्यामुळे तीन-चार दिवस गरम कोपऱ्यात राहिलेल्या फलित अंड्यात अर्धवट वाढ सुरू होते. पिल्लू व्हायला साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब आणि २१ दिवस लागतात, म्हणून ते पुढे जात नाही, नुसतं खराब होतं. झाडाखाली सापडलेल्या, कधीची ते माहीत नसलेल्या घरट्यातल्या अंड्यांबाबत हे नेहमी घडतं. रोजच्या रोज गोळा करून फ्रिजमध्ये ठेवणाऱ्याकडून घेतलीत तर असा प्रसंग येणार नाही.

१४. फार्मचं अंडं फलित नसतं, मग ते शिवराक (शाकाहारी) लोकांना चालावं ना?

फार्मवर कोंबडा नसतो, त्यामुळे त्या अंड्यातून पिल्लू कधीच होणार नाही, हे खरं. पण सरकारी नियमांत अंडं मांसाहारीच धरलं आहे. कुणाला चालावं आणि सोमवारी-गुरुवारी, श्रावणात चालावं की नाही, हे ज्याचं त्याच्या घरी ठरतं. त्यावर निवाडा द्यायला आम्ही बसलेलो नाही.

१५. पावसात आणि थंडीत आमच्या अंडीवालीकडे अंडीच नसतात. असं का?

कोंबडीचं अंडं घालणं दिवसाच्या उजेडावर अवलंबून असतं. फार्मवर दिवे लावून रोज १६ तासांपर्यंत उजेड देतात. गोव्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांचा आणि डिसेंबरचा सव्वाअकरा तासांचा, त्यात पावसाळी ढग. शिवाय वर्षातून एकदा पिसं झडतात तेव्हा अंडी थांबतात आणि खुडूक बसण्याचे आठवडे वेगळेच. एप्रिल-मेच्या उकाड्यात अंडी मिळतात, पण कवच पातळ असतं: कोंबडी धापा टाकते, त्याने रक्ताची रासायनिक घडी बदलते आणि कवचाला लागणारा चुना कमी पडतो. बऱ्याच घरी तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून कोंबड्यांपुढे टाकतात, तो यावरचा अगदी योग्य उपाय आहे.

१६. गावठी अंडं कच्चं प्यायलं तर जास्त ताकद येते का? बाळंतिणीला आणि जिमला जाणाऱ्या मुलाला देऊ का?

कच्चं कुणालाच नको. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिनं अंगी लागतात, कच्च्यातली ५० टक्क्यांच्या आसपास. कच्च्या पांढऱ्या भागातलं एक द्रव्य बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतं, ते वेगळंच. म्हणजे जिमच्या मुलाचं निम्मं अंडं वाया जातं.

आणि धोका साल्मोनेलाचा. हा जंतू कोंबडीच्या आतड्यात असतो आणि ती परसात फिरते की पिंजऱ्यात राहते हे पाहून येत नाही. गरोदर बाई, बाळंतीण, लहान मूल, वृद्ध यांना बलक आणि पांढरा भाग दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवूनच द्या, म्हणजे आत ७० अंशांच्या वर उष्णता जाते. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजचंही तेच. तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली होती. भर उन्हात बाहेर खाताना सँडविचमध्ये काय आहे ते विचारायला लाजू नका.

१७. ओळखीच्या घरची अस्सल गावठी अंडी आणली, पण त्यांना माशाचा वास येतो!

अस्सल आहेत म्हणूनच येतो. आपल्याकडे मासळी साफ केली की आतडी, खवले, सुंगटांची (कोळंबीची) सालं कोंबड्यांना टाकण्याची पद्धत आहे. ती जास्त झाली की वास बलकात उतरतो. तपकिरी अंडी देणाऱ्या काही जातींत वासाचं हे द्रव्य पचवण्याची शक्तीच जन्मतः कमी असते, त्यांच्यात तो लवकर जाणवतो. अंडं खराब नसतं. कांदा-मिरचीच्या ऑम्लेटात किंवा ऑम्लेटवर झणझणीत रस्सा ओतला तर वास कळणारही नाही, केकमध्ये मात्र कळेल. घरवालीला सांगून मासळीचा वाटा कमी करवला तर काही दिवसांत वास जातो.

१८. ताजी गावठी अंडी उकडली की कवच सुटता सुटत नाही. काय चुकतं?

काहीच नाही, अंडी फार ताजी आहेत. ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला चिकटून असतो. दिवस जातात तसा आतला कर्बवायू बाहेर पडतो आणि पकड सुटते. उकडायला आठवड्याभराची अंडी घ्या, किंवा उकळत्या पाण्यातच अंडी सोडून नंतर गार पाण्यात बुडवा. बलकाभोवती हिरवट कडा आली तर ती जास्त वेळ उकडल्याची.

१९. बिबिंक आणि नाताळच्या केकला गावठी अंडी वापरायची तर मापात काय बदल करू?

मोजणी सोडा आणि वजन करा. कृतीत अंड्यांची संख्या दिली असेल तर ती बहुधा ५५ ग्रॅमची अंडी धरून दिलेली असते. चार फार्मच्या अंड्यांऐवजी साडेपाच गावठी लागतील, म्हणजे सहा फोडून थोडं मिश्रण काढून ठेवायचं.

बिबिंक या थरांच्या गोव्याच्या गोड पदार्थाचं गणित थोडं निराळं. तिला फक्त बलक लागतो. गावठी अंड्यात बलकाचा वाटा मोठा, त्यामुळे फरक कमी पडतो: दहा बलकांऐवजी बारा-तेरा पुरतात. नारळाचा रस, तूप आणि जायफळ असताना गावठी बलकाची चव वेगळी ओळखू येईल असं मला वाटत नाही, पण थरांना रंग मात्र सुरेख येतो. २०२३ मध्ये गोव्याच्या बिबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून घरी करून पाहणाऱ्यांचे प्रश्न आमच्याकडे वाढले आहेत. उरलेल्या पांढऱ्या भागाचं काय करायचं हा त्यातला नेहमीचा. फ्रिजरमध्ये ठेवा, दोन-तीन महिने राहतो.

२०. बॉक्सवर केज-फ्री, ओमेगा-३, ऑर्गेनिक असं लिहिलेलं असतं. जास्त पैसे द्यावेत का?

ओमेगा-३ हा खाद्याचा परिणाम आहे. कोंबडीला जवस वगैरे दिलं की बलकात ते खरोखर वाढतं. पण बॉक्सवर अंड्यामागे किती मिलिग्रॅम ते लिहिलं नसेल तर पैसे देऊ नका. ऑर्गेनिकसाठी सरकारमान्य प्रमाणनाचं चिन्ह पाहा. ‘फार्म फ्रेश’ला काहीच अर्थ नाही, सगळी अंडी फार्मवरूनच येतात.

केज-फ्री म्हणजे पिंजरा नाही, इतकंच. कोंबडी मोठ्या शेडमध्ये जमिनीवर हजारोंच्या गर्दीत असू शकते, बाहेरचं ऊन तिने पाहिलंच असेल असं नाही. तरीही पिंजऱ्यात एका पक्ष्याला ए-फोर कागदाएवढीही जागा मिळत नाही, हे पाहता तेवढ्या कारणासाठी कुणी जास्त पैसे देत असेल तर ते मला पटतं. पौष्टिकतेसाठी म्हणून देत असाल तर ७वा प्रश्न पुन्हा वाचा.

२१. गावठी अंडी दुप्पट भावाने मिळतात. घ्यावीत का?

भाव दुप्पट आणि अंडं ४० ग्रॅमचं, म्हणजे ग्रॅममागे तुम्ही पावणेतीन पट मोजता. घर माहीत आहे, कोंबड्या फिरताना दिसतात, अंडी कालची आहेत, तर हाफ फ्राय नाहीतर नुसत्या उकडलेल्या अंड्यासाठी जरूर घ्या, तिथे चव कळते. त्या बाईच्या हातात चार पैसे जातात हेही मी कमी मानत नाही. भुर्जी, रस्सा, केक, मुलांचा डबा यांसाठी खप असलेल्या दुकानातली ताजी फार्मची पुरे.

२२. परसात मोकळी फिरणारी कोंबडी म्हणजे अंडं विषमुक्त, असं धरून चालेल का?

कुठलं परस, त्यावर आहे. कोंबडी जमीन उकरून खाते, म्हणजे जमिनीत जे आहे ते तिच्या पोटात आणि तिथून बलकात जातं. जिथे प्लास्टिकचा कचरा जाळतात तिथल्या मोकळ्या कोंबड्यांच्या अंड्यांत डायॉक्सिनसारखी घातक द्रव्यं पिंजऱ्यातल्यांपेक्षा जास्त सापडतात. जुन्या रंगाचे पोपडे, गॅरेजचं सांडलेलं तेल, फुटक्या बॅटऱ्या यांतून शिसं येतं. कोंबड्या पाळणार असाल तर कचरा जाळायची जागा आधी हलवा, निदान तिथे जाळी मारा.

२३. कडकनाथचं अंडं काळं असतं का?

नाही. कोंबडी काळी, मांस काळं, अंडं मात्र फिकट बदामी. काळं अंडं दाखवून कुणी भाव सांगत असेल तर पुढे चला. प्रथिनांच्या आणि औषधी गुणांच्या दाव्यांबाबत सावध राहा.

२४. प्लास्टिकची अंडी बाजारात आली आहेत का?

नाहीत. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनेही हा गैरसमज असल्याचं स्पष्ट केलं आहे. व्हिडिओत दिसणारा ‘प्लास्टिकचा कागद’ म्हणजे कवचाच्या आतला पापुद्रा, जुन्या अंड्यात तो सुकून चिवट होतो. १०व्या प्रश्नातली परीक्षा करा, अंडं जुनं निघेल.

२५. आमची कोंबडी खुडूक बसली आहे. तिच्याखाली सुपरमार्केटची किंवा फ्रिजमधली गावठी अंडी ठेवली तर पिल्लं होतील का?

सुपरमार्केटच्या अंड्यांतून होणार नाहीत, कारण १४व्या प्रश्नात आलंच आहे. गावठी अंडी फलित असली तरी फ्रिजच्या चार अंशांत दिवस काढल्यावर उबण्याची शक्यता बरीच घटते. बसवायची अंडी वेगळी काढा: न धुतलेली, मध्यम आकाराची, तडा नसलेली, आठवड्याच्या आतली. घरातल्या सर्वांत गार, काळोख्या कोपऱ्यात ठेवा आणि दिवसातून एकदा कूस बदला. गावठी कोंबडीच्या पोटाखाली दहा-बारा मावतात. सगळी एकाच संध्याकाळी ठेवा, नाहीतर पिल्लं मागेपुढे निघतात आणि पहिली बाहेर आली की आई उरलेली अंडी सोडून उठते. सातव्या-आठव्या दिवशी काळोखात बॅटरीच्या उजेडावर एकेक धरून पाहा. आत कोळ्यासारखा ठिपका आणि शिरा दिसल्या तर परत ठेवा. काहीच दिसलं नाही तर ते काढून टाका. इतके दिवस उबेत राहिलेलं अंडं खायला मात्र घेऊ नका.